उघडी ताटी

चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या साली सावरटोल्यात मानमोडी आली आणि गावातली झाडून सगळी कोंबडी घेऊन गेली. सकाळी कोंबडी मान वाकडी करून गरगर फिरायची आणि संध्याकाळी पाय वर. डालग्याखाली झाकलेली गेली, झाडावर झोपणारी गेली, नवसाला राखलेलीही गेली. देवाला दाखवायला कोंबडं उरलं नाही म्हणून पुजाऱ्यानं त्या साली नारळावर भागवलं आणि देवानंही गुमान ऐकून घेतलं. देवाचं काय, त्याचं नारळावर भागतं. लटारूचं भागणार नव्हतं.

लटारूच्या बायकोला, भागीरथेला, क्षय झाला होता. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरानं तिच्या छातीला नळी लावली, सुई टोचली, गोळ्यांची पुडी बांधून दिली आणि मग लटारूला बाजूला घेतलं. "औषध झेलायला अंगात काही असावं लागतं. हिच्या अंगात काही उरलेलं नाही. रोज दोन अंडी आणि पेलाभर दूध पोटात गेलंच पाहिजे. अंधाऱ्या घरात ठेवू नका, मोकळ्या हवेत निजवा. पावसाळ्यापर्यंत अंग धरलं तर बाई वाचेल. नाहीतर मग..." पुढचं डॉक्टर बोलला नाही. शिकलेली माणसं असली वाक्यं पुरी करत नाहीत, ऐकणाऱ्यावर सोडतात.

दूध घरच्या गाईचं होतं. भागीरथेची खाट लटारूनं घरातून काढून पडवीत टाकली. राहिली अंडी. मानमोडी एकट्या सावरटोल्यात थोडीच आली होती? लटारू चौदा मैल चालत वडशाच्या बाजारात गेला, तेव्हा एका म्हातारीजवळ चार अंडी मिळाली. घरी येऊन फोडली तर त्यातली दोन सडकी निघाली.

अशात ब्लॉकचे ग्रामसेवक वासेकर सायकलवर आले आणि म्हणाले, सरकार विलायती कोंबड्या देतंय, पांढऱ्या, सुया टोचलेल्या, आणि त्यांना राहायला तयार घर देतंय. कोण घेतो? गावानं मान खाली घातली. सरकार काही देतं म्हटलं की घेणाऱ्याच्या आधी पळणारे जास्त. लटारू मात्र पुढं झाला. "किती अंडी देतात, साहेब?" त्यानं एवढंच विचारलं. वासेकरांनी पडवीतल्या खाटेकडं पाहिलं आणि कागदावर लटारूचं नाव लिहिलं.

ते तयार घर रेल्वेनं वडशापर्यंत आलं आणि तिथून बैलबंडीत. तयार कसलं, सगळे तुकडे. पत्रे, लोखंडी पट्ट्या, नटबोल्टांची पिशवी, आणि प्रत्येक तुकड्यावर आकडा. सोबत इंग्रजी कागद होता. वासेकर तो वाचत, मुखरू लोहार बोल्ट आवळी आणि लटारू पत्रे धरून उभा राही. दीड दिवसानं खुराडं उभं राहिलं आणि सहा बोल्ट उरले. "घराले जास्त झाले का कमी पडले?" मुखरूनं विचारलं. वासेकरांनी कागद उलटा करून पाहिला. कागदाच्या चित्रात दोन्ही बाजूंना, वर छपराखाली, हवेच्या झडपा होत्या. बंडीत त्या आल्याच नव्हत्या. त्यांच्या जागी नुसता सपाट पत्रा होता. "मागवून घेतो," वासेकर म्हणाले आणि त्यांनी खरोखरच पत्र लिहिलं. माणूस वाईट नव्हता. पत्र कुठं जाऊन पडलं ते त्यालाही कळलं नाही.

मग बारा कोंबड्या आणि एक कोंबडा आला. वासेकरांनी एक अट घातली: यांना बाहेर सोडायचं नाही. मातीत अजून मानमोडी असेल, वरून घारी, खालून मुंगूस. आतच ठेवायच्या, आतच खाऊ घालायचं. लटारूनं मान डोलावली. त्यानं रोज दोन अंडी मिळवण्यासाठी वाघालाही आत ठेवलं असतं.

फाल्गुनात सगळं बरं चाललं. भागीरथा नाक मुरडून अंडं खाई आणि वर दूध पिई. पण चैत्र लागला आणि चांद्याचा उन्हाळा काय असतो ते त्या विलायती पाखरांना कळलं. लटारूनं छपरावर धानाची वाळकी तणस टाकली, पत्र्यावर पाणी मारलं. दुपारी दारातून आत हात घातला तर भट्टीत घातल्यासारखं वाटे. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख फाकवून बसत. अंडी बंद झाली. आठवड्याभरात चार मेल्या.

मुखरू खुराड्याभोवती एक फेरी मारून आला. "चारय बाजूनं पत्रा, वरून पत्रा. हे खुराडं नोहे गा लटारू, हा तवा होय. वाफ जाईन कुठून?"

"मंग भोक पाडू."

"सरकारी पत्र्याले?"

दोघांनी वासेकरांकडं पाहिलं. वासेकरांनी सायकलचं चाक पाहिलं, हवा बरोबर आहे का ते दाबून पाहिलं, आणि म्हणाले, "मी उद्या आरमोरीला जातोय. परवा येईन. माझ्यादेखत काही करू नका."

दुसऱ्या दिवशी मुखरूनं छन्नी आणि हातोडा आणला. सकाळपासून दुपारपर्यंत सावरटोल्यात ठण् ठण् चाललं होतं. छपराखाली, जिथं झडपा यायच्या होत्या तिथंच, समोरासमोर दोन भोकं पडली, हातभर लांब आणि वीतभर रुंद. हवा या अंगानं शिरली आणि त्या अंगानं निघाली, तशा कोंबड्या उठून उभ्या राहिल्या. लटारूच्या डोळ्यांत पाणी आलं. मुखरूनं ते पाहिलं आणि उगाच छन्नीची धार तपासत बसला.

आता भोक उघडं ठेवलं तर मुंगूस शिरणार. लोखंडी जाळी वडशातही मिळेना. तेव्हा लटारूनं बांबू फोडला, कमच्या काढल्या, दोन ताट्या विणल्या आणि तारेनं भोकांवर बांधून टाकल्या. आत हवा खेळत राहिली आणि मुंगूस बाहेर राहिलं. चार दिवसांत अंडी पुन्हा सुरू झाली, रोज पाच, कधी सहा; दोन भागीरथेला, उरलेली विकून कोंबड्यांचा दाणा. वैशाख लागेपर्यंत भागीरथेचा संध्याकाळचा ताप उतरला. गळ्याची हाडं जरा झाकली गेली. खोकला होता, पण त्यात रक्त नव्हतं. लटारूला वाटायला लागलं की डॉक्टरानं जे वाक्य अर्धं सोडलं होतं ते आता कधी पुरं करावं लागणार नाही. माणसाला दोन बरे दिवस दिसले की तो लगेच पुढच्या सालाचा विचार करतो.

भागीरथेविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. सावरटोल्यात तिच्यासारखं लिपण कोणाला येत नसे. कोणाच्या घरी लग्न निघालं की मांडवाआधी तिला बोलावणं. लाल माती, शेण आणि धानाचा भुसा यांचा गारा ती असा चढवी की भिंतीवर बोटांच्या चंद्रकोरी एकसारख्या उमटत, खालून पांढऱ्या मातीचा पट्टा. झाडीपट्टीत घराच्या भिंती बांबूच्या ताटीच्या, आणि ताटी म्हटली की तिच्यावर माती आलीच. ताटी उभी करायची पुरुषानं, लिपायची बाईनं. ज्या घराची ताटी उघडी, त्या घरात बाई नाही, असं लोक दुरूनच ओळखत. आणि भागीरथा सात महिने खाटेवर पडून होती. स्वतःच्या घराच्या भिंतींचे पोपडे निघताना ती पाहत होती. खोकल्यापेक्षा त्याचंच तिला जास्त लागत होतं.

एका संध्याकाळी लटारूच्या खांद्याला धरून ती अंगणाच्या त्या टोकापर्यंत चालत गेली, कोंबड्या पाहायला. कित्येक महिन्यांनी चालली होती. कोंबड्या तिनं पाहिल्याच नाहीत, ताटी पाहिली.

"हे उघडीच ठेवली?"

"असू दे."

"असू दे काऊन? येणारे-जाणारे पाह्यतात. म्हणतीन, लटारूच्या घरी बाई नाई."

किती दिवसांनी ती त्याच्यावर रागावली होती! लटारूला इतका आनंद झाला की तो हसायलाच लागला. "मंग लवकर बरी हो अना तूच लिप," तो म्हणाला.

एवढंच बोलला. भोक हवेसाठी पाडलंय, ते त्यानं सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटलं. पण तिनं भोक पाडताना पाहिलं कुठं होतं? पडवीतल्या खाटेवरून तिला खुराड्याचा जेमतेम कोपरा दिसे, आणि त्या दिवशी नुसती ठण् ठण् ऐकू आली होती. तिनं आपलं धरलं की सरकारी पत्रा फाटला आणि ह्यांनी ठिगळ म्हणून ताटी लावली. फुटलेल्या जागी ताटी आणि ताटीवर माती, हेच ती जन्मभर करत आली होती. नवरा म्हणाला बरी हो अना लिप, तेव्हा तिनं ते मनात गाठ मारून ठेवलं.

वैशाख सरत आला आणि विडीच्या तेंदूपत्त्याची तोड सुरू झाली. लटारू पहाटे जंगलात जाई, पानं तोडून, पुडे बांधून ठेकेदाराच्या फडीवर मोजून देई आणि दुपार कलताना परत येई. तोवर शेजारची सुगंधाबाई भागीरथेकडं बघे. गावात क्षयाच्या भीतीनं बाकी कोणी पडवीजवळ फिरकत नव्हतं, ही एकटी म्हातारी येऊन बसे. त्या दिवशी मात्र सुगंधाबाईच्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं. "जा बाई तू," भागीरथाच म्हणाली, "मले आज लय बरं वाटून राह्यलं." लटारूनं खाटेजवळ पाण्याचा लोटा ठेवला, कोंबड्यांची भांडी भरली, खुराड्याचं दार लावलं आणि निघाला.

परत आला तेव्हा ऊन अंगणात उभं होतं. भागीरथा खाटेवर बसली होती. पडली नव्हती, बसली होती. केस विंचरलेले, कपाळाला कुंकू, आणि कोपरापर्यंत हात लाल मातीनं भरलेले, वाळून भेगा पडलेले. तिचा चेहरा लटारूनं इतका खुललेला लग्नानंतर पाहिला नव्हता.

"पाह्यलं का?" ती म्हणाली.

लटारूनं पाहिलं. अंगणात मातीच्या पावलांची वाट गेली होती. वाटेत तीन ठिकाणी बुडाएवढी जागा पुसली गेली होती. तिथं ती दम खायला बसली असणार. खुराड्याजवळ मातीचं घमेलं होतं, शेणाचं टोपलं होतं, चढायला घेतलेला पाट होता. आणि खुराड्याच्या दोन्ही ताट्या लिपलेल्या होत्या. गारा जाड चढवला होता, एकही फट राहिली नव्हती. बोटांच्या चंद्रकोरी एकीखाली एक, एकसारख्या. खालून पांढरा पट्टा. सात महिन्यांत तिचा हात जरासुद्धा चुकला नव्हता.

आतून काहीच आवाज येत नव्हता.

लटारूनं दार उघडलं. आतली वाफ त्याच्या तोंडावर आली. आठही कोंबड्या दाराशी गोळा होऊन, एकमेकींवर चढून पडल्या होत्या. कोंबडा त्यांच्या वर होता. त्यानं डोळ्यावरचा पडदा एकदा उघडला. लटारूनं ओंजळीनं त्याच्या चोचीवर पाणी सोडलं. ते चोचीतून परत बाहेर आलं. मग कोंबड्याची मान त्याच्या हातावर पडली.

"आवडलं का?" पडवीतून आवाज आला.

लटारू खुराड्यात कमरेपर्यंत वाकलेला होता, ते बरं होतं. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. झडपा पाठवायला विसरणारा कोणी दूरचा बाबू होता. माती चढवणारी आपलीच बायको होती. आणि तिला चढव म्हणणारा तर तोच होता, हसत हसत म्हणणारा.

"लय चांगलं झालं," तो आतूनच म्हणाला.

"कोंबड्या आवाज काऊन नाई करून राह्यल्या?"

"झोपल्या."

"झोपतीनच. आता आत गार झालं ना," भागीरथा म्हणाली आणि समाधानानं खाटेवर आडवी झाली.

कोंबड्यांच्या खाली चार अंडी होती, सकाळची. ती त्यानं धोतराच्या सोग्यात घेतली. चार म्हणजे दोन दिवस. भागीरथेचा डोळा लागल्यावर त्यानं मुखरूला बोलावलं आणि दोघांनी त्या नऊ पाखरांना पोत्यात भरून नाल्याकाठी पुरलं. निघताना मुखरू म्हणाला, "तिले सांगू नको गा. आयकलं तं जीव देईन ती त्या लिपणापायी." गावालाही त्यानंच तसं बजावलं. सुगंधाबाई लग्नाहून आली, ऐकलं, तोंडात पदर कोंबून घरामागं जाऊन रडली, आणि मग तोंड धुऊन भागीरथेजवळ येऊन बसली.

त्याच संध्याकाळी ताप परत आला. "कामानं आंग तापलं, दुसरं काई नाई," भागीरथा म्हणाली. दुसऱ्या दिवशी खोकल्यात रक्त दिसलं. दोन दिवसांनी अंडी संपली. लटारू पुन्हा वडशाला जाऊन आला, रिकाम्या हातानं.

वासेकर आले तेव्हा लटारू त्यांना अंगणातच आडवा गेला आणि त्यानं हात जोडले. वासेकरांनी लिपलेल्या ताट्या पाहिल्या, उघड्या दारातून आतली रिकामी जमीन पाहिली, पडवीकडं पाहिलं. तरणा माणूस होता, पण समजला. मोठ्यानं म्हणाला, "वा लटारूभाऊ, कोंबड्या झकास आहेत!" मग आवाज उतरवून म्हणाला, "मी पुन्हा लिहितो. पण आता पाऊस येईल. नाले चढले की बंडी येत नाही. दिवाळीच्या आत काही होणार नाही." लटारूनं मान हलवली. डॉक्टरानं पावसाळ्यापर्यंत म्हटलं होतं.

सहाव्या दिवशी भागीरथेनं विचारलं, "अंडे काऊन नाई देऊन राह्यल्या?"

"उन्हानं आटल्या."

ती विचार करत पडून राहिली. बोलायलाही आता तिला दम पुरत नव्हता. मग हाताच्या कोपरावर उठली. "मंग माह्यं लिपण पातर झालं अशीन. दुसरा हात द्या लागते. मातीनं गारवा राह्यते."

"नाई. तू पडून राह्य."

"तुमीच तं म्हंतलं होतं, बरी हो अना लिप."

नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगितलं असतं तर ती त्याच घटकेला मेली असती, हे त्याला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसत होतं. खरं न सांगता ती आणखी काही दिवस जगणार होती, एवढाच काय तो फरक. मरायला टेकलेल्या माणसाला त्याच्या हातचं काम तरी मिळावं, असा काही विचार त्यानं केला असं नाही. तो उठला, लाल माती आणली, शेण आणलं, भुसा टाकला, पाणी ओतलं आणि पायानं गारा तुडवायला लागला.

ती त्याच्या खांद्याला धरून आली. आता तिचं वजन खांद्यावर जाणवतही नव्हतं. लटारूनं पाट ठेवला, तिला कमरेला धरून उभी केली आणि घमेलं वर उचलून धरलं. तिनं दोन्ही हात मातीत घातले. पहिला हात ताटीवर फिरला आणि चंद्रकोर उमटली. दुसरा फिरला. मध्येच ती थांबली.

"आतमधी पाहा बरं," ती म्हणाली. "चुळबुळ नाई."

लटारूनं एका हातानं दार उघडलं आणि वाकून आत पाहिलं. आत एक पांढरं पीस होतं आणि पाण्याचं कोरडं भांडं होतं.

"झोपल्या?"

"झोपल्या."

"मंग हळू बोला," भागीरथा आवाज खाली घेऊन म्हणाली, आणि त्यानंतर काम संपेपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. माती हवी असली की बोटानं खूण करी, आणि लटारू घमेलं पुढं धरी.